जॅकवेल ते जलकुंभ: रेडिओ मोडेमच्या दुव्याची चाचणी कशी घ्यावी

नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी उपसून ते टेकडीवरच्या टाकीत चढवणाऱ्या नळपाणी योजनांमध्ये टाकीतील पाण्याची पातळी पंपघरापर्यंत पोचवण्यासाठी रेडिओ मोडेमची, म्हणजे तारेविना संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणांची, जोडी बसवतात. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी आणि पातळी उतरली की पुन्हा सुरू व्हावी, एवढेच तिचे काम असते. जोडी बसवून झाली, दोन्ही टोकांचे दिवे लुकलुकू लागले आणि पडद्यावर आरएसएसआयचा, म्हणजे मिळणाऱ्या सिग्नलच्या जोराचा, बरा आकडा दिसला, की बहुतेक ठिकाणी काम पूर्ण झाले असे मानून कागदावर सही होते. तो आकडा मात्र त्या एका क्षणापुरता, त्या एका दिशेपुरता आणि त्या दिवसाच्या हवामानापुरता खरा असतो. दुवा भरवशाचा आहे की नाही हे ठरवायचे, तर हरवलेले संदेश दोन्ही दिशांनी अनेक दिवस मोजावे लागतात आणि तो दुवा मुद्दाम कमकुवत करत नेऊन नेमका कुठे तुटतो हेही पाहावे लागते. ही रीत येथे ५ किलोमीटर अंतरावरच्या, ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या लोरा (कमी शक्तीत लांब पल्ला गाठणारी रेडिओ पद्धत) मोडेमच्या उदाहरणाने मांडली आहे. मोडेम अन्य प्रकारचा असला तर आकडे बदलतील, पण क्रम हाच ठेवावा.

आधी अपयशाची व्याख्या

चाचणीला हात घालण्यापूर्वी, कोणत्या परिस्थितीत दुवा नापास समजायचा हे लिहून ठेवावे. टाकी पूर्ण भरल्याच्या खुणेपासून पाणी ओसंडून वाहेपर्यंत समजा वीस मिनिटे लागतात आणि मोडेम दर मिनिटाला एक संदेश पाठवतो. अशा वेळी मधला एखादा संदेश हरवल्याने काहीही बिघडत नाही. पण सलग दहा मिनिटे एकही संदेश आला नाही, तर पंपघरातील नियंत्रकाने मोटर स्वतःहून बंद केली पाहिजे आणि गावात त्या दिवशी पाणी कमी चढणार हे धरून चालले पाहिजे. म्हणून अशा योजनेत टक्केवारीपेक्षा सर्वांत लांब शांतता किती मिनिटांची, हा आकडा अधिक मोलाचा ठरतो. हा निकष आधी लिहून ठेवण्याचे कारण साधे आहे: आकडे हाती आल्यावर निकष ठरवायला बसले की तो हटकून आलेल्या आकड्यांच्या मापाने बेतला जातो.

परवानगीचा पट्टाही याच टप्प्यावर तपासून घ्यावा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट, प्रभावी प्रारित शक्ती (अँटेनाचा परिणाम धरून बाहेर पडणारी) ४ वॅट आणि वाहकाची रुंदी (सिग्नल व्यापतो तेवढा पट्टा) २०० किलोहर्ट्झ या त्याच्या मर्यादा आहेत. लोरा मोडेमची रुंदी २५० किलोहर्ट्झवर ठेवलेली असेल तर ती १२५ वर आणावी. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेला ९१५ मेगाहर्ट्झचा मोडेम स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण ८९० ते ९१५ हा आपल्याकडे मोबाइल सेवेचा पट्टा आहे.

कागदावरचा हिशेब

मोजलेला आकडा चांगला की वाईट हे कळण्यासाठी अपेक्षित आकडा हाताशी असावा लागतो. मोकळ्या अवकाशातील घट काढण्याचे सूत्र सोपे आहे: किलोमीटरमधील अंतराच्या लॉगॅरिथमची वीसपट आणि मेगाहर्ट्झमधील वारंवारतेच्या लॉगॅरिथमची वीसपट यांच्या बेरजेत ३२.४ मिळवायचे. ५ किलोमीटर आणि ८६६ मेगाहर्ट्झसाठी ही घट सुमारे १०५ डेसिबल येते (दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते). मोडेमची शक्ती २० डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल), टाकीवरच्या अँटेनाचा गेन (शक्ती एका दिशेला एकवटल्याने होणारा लाभ) ५, पंपघरावरच्या यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेल्या, अँटेनाचा गेन ८ आणि दोन्हीकडच्या केबलमध्ये मिळून ३ डेसिबलची घट धरली, तर पलीकडे सुमारे उणे ७५ डीबीएम सिग्नल पोचायला हवा. प्रत्यक्षात उणे ८० ते उणे ९० मिळाले तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण झाडे, घरे आणि जमिनीवरून होणारे परावर्तन आपापला वाटा घेतातच. उणे ११० दिसले, तर मात्र कुठेतरी उघड दोष आहे आणि तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोन अँटेना एकमेकींना दिसतात एवढे पुरेसे नसते. त्यांच्यामधील सरळ रेषेभोवतीची लंबगोल जागा, म्हणजे फ्रेनेल झोन, निदान साठ टक्के मोकळी असावी लागते. आपल्या उदाहरणात ऐन मध्यावर तिची त्रिज्या सुमारे २१ मीटर येते, म्हणजे रेषेखाली साडेबारा मीटर जागा मोकळी हवी. टाकी टेकडीवर असल्याने मध्यावर ती सहसा मिळते. अडचण येते ती पंपघराजवळ. पंपघरापासून १०० मीटरवर साठ टक्क्यांचा हिशेब साडेतीन मीटरचा होतो. अँटेना छतावर ५ मीटर उंचीवर असेल आणि रेषा तिथवर जाईपर्यंत मीटरभर चढली असेल, तर ती जमिनीपासून ६ मीटरवर असते. गाळप हंगाम संपल्यावर, मोकळ्या रानावरून चाचणी घेतली तर हे अंतर भरपूर वाटते. पुढे त्याच रानात ऊस चार मीटर उंच उभा राहिला, की रेषेखाली दोनच मीटर उरतात आणि दुवा हळूहळू दबू लागतो. नदीकाठी ऊस असणारच, म्हणून पंपघरावरची अँटेना तीन-चार मीटर उंच पाइपवर चढवणे हा खर्च वायफळ समजू नये.

टेबलावरची तपासणी

साहित्य टेकडीवर नेण्यापूर्वी दोन्ही मोडेम एकाच खोलीत तपासावेत. अँटेना किंवा तिच्याऐवजी शक्ती शोषून घेणारा ५० ओहमचा भार जोडल्याशिवाय मोडेमला वीज देऊ नये. प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला त्याने इजा पोचू शकते. तसेच पूर्ण शक्तीवरचे दोन मोडेम हातभर अंतरावर ठेवून चाचणी घेऊ नये. अतिशय जोरदार सिग्नलने ग्रहणाचा भाग भारावून जातो आणि चांगल्या मोडेममध्येही संदेश हरवताना दिसतात.

योग्य पद्धत अशी की दोन्ही मोडेमच्या मध्ये केबलने ३० डेसिबलचे तीन अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे भाग) जोडावेत. २० डीबीएममधून ९० वजा जाता उणे ७० उरतात. मोडेमनेही साधारण तेवढेच दाखवले पाहिजे. त्याने उणे ७६ दाखवले, तर त्या मोडेमचा आरएसएसआय सहा डेसिबलने कमी सांगतो, हे त्याच्या क्रमांकासह वहीत नोंदवावे. मैदानात दोन दिशांचे आकडे शेजारी ठेवताना ही नोंद फार उपयोगी पडते. याहून जास्त अॅटेन्युएटर लावून ग्रहणक्षमतेची (उलगडता येणाऱ्या सर्वांत कमजोर सिग्नलची) खालची मर्यादा टेबलावर मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण त्या पातळीला सिग्नल केबलमधून जाण्याऐवजी मोडेमच्या खोक्यातून झिरपून थेट हवेतून पोचतो आणि मोजमाप फसवे होते.

याच वेळी संदेशाला लागणारा वेळ तपासावा. १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर २० बाइटचा संदेश स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती सावकाश पसरून पाठवायचा याचा आकडा) ७ ला सुमारे ५७ मिलिसेकंदांत जातो, ९ ला सुमारे १८५ मिलिसेकंद लागतात आणि १२ ला तब्बल १.३ सेकंद. मॉडबस (उपकरणांमधील संवादाची एक पद्धत) वापरणाऱ्या नियंत्रकात उत्तराची वाट पाहण्याची मुदत १ सेकंद ठेवलेली असेल आणि मोडेम १२ वर असेल, तर जाण्यायेण्यालाच अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागल्याने नियंत्रक प्रत्येक उत्तर हरवले असे समजेल. रेडिओचा यात काहीच दोष नसतो. तरीही अशा योजनांमध्ये अँटेना बदलून पाहण्यात बराच खर्च होतो.

केबल, कनेक्टर आणि फसवा एसडब्ल्यूआर

अँटेना आणि केबल तपासण्यासाठी आता नॅनोव्हीएनएसारखे छोटे उपकरण परवडणाऱ्या किमतीत मिळते. मोजण्यापूर्वी ते ओपन (मोकळे टोक), शॉर्ट (जोडून टाकलेले टोक) आणि लोड (५० ओहमचा भार) या तिन्हींवर कॅलिब्रेट करावे आणि ८६५ ते ८६८ या पट्ट्यात एसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती माघारी फिरते याचे माप, पाहावा. दीडच्या आत असला तर उत्तम, कारण परत फिरणारी शक्ती फक्त चार टक्के असते. दोनपर्यंत अकरा टक्के, आणि तीन झाला तर पाव भाग शक्ती माघारी येते.

हे मोजमाप केबलच्या खालच्या टोकाला घेतले, तर ते खोटे समाधान देऊ शकते, याकडे विशेष लक्ष द्यावे. आरजी-५८ जातीच्या केबलमध्ये या वारंवारतेला मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल घट होते, म्हणजे १० मीटरला ५ डेसिबल. आता वरच्या टोकाला अँटेना जोडलेलीच नाही असे समजा. वर गेलेली सगळी शक्ती परत फिरते, पण जाताना ५ आणि येताना ५ असे १० डेसिबल केबलच खाऊन टाकते, आणि खाली उपकरण दोनपेक्षा किंचित कमी एसडब्ल्यूआर दाखवते. अँटेना गायब आणि आकडा चालण्याजोगा! म्हणून अँटेना स्वतंत्रपणे, तिच्या पायथ्याशी मोजावी. केबलच्या दूरच्या टोकाला ५० ओहमचा भार लावून केबल वेगळी तपासावी. आणि १० मीटरच्या लांबीसाठी आरजी-५८ ऐवजी एलएमआर-४०० जातीची केबल घ्यावी, जिच्यात तेवढ्याच लांबीला सव्वा डेसिबलच्या आसपास घट होते.

कनेक्टर नुसते आट्यांवर बसले म्हणून जुळले असे नाही. एसएमए आणि आरपी-एसएमए (मधली पिन व खोबण उलट असलेला प्रकार) या कनेक्टरांच्या आट्या सारख्याच असतात, मात्र चुकीची जोडी लावली तर मधली पिन दोन्हीकडे नसते. अशी जोडी खोलीभर अंतरावर चालतेही, त्यामुळे टेबलावर ती पकडली जात नाही. जोडण्यापूर्वी मधली पिन आणि तिची खोबण डोळ्यांनी पाहावी.

नॉइज आधी, सिग्नल नंतर

जागेवर गेल्यावर पलीकडचा मोडेम पूर्ण बंद ठेवून या टोकाला नुसते ऐकावे. १२५ किलोहर्ट्झ रुंदीला उष्णतेमुळे येणारा नैसर्गिक नॉइज (सिग्नलला झाकणारा गोंगाट) उणे १२३ डीबीएम असतो. मोडेमचे स्वतःचे ६ डेसिबल धरले तर शांत जागी तो उणे ११७ च्या आसपास दिसायला हवा. दर सेकंदाला एक याप्रमाणे निदान एक पूर्ण दिवसरात्र हे वाचन साठवावे आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट तासाचा आकडाही काढावा.

टाकीकडच्या टोकाला हे वाचन अनेकदा धक्कादायक येते, कारण ज्या उंचीसाठी टाकी टेकडीवर बांधतात त्याच उंचीसाठी मोबाइलचा टॉवरही तिथेच उभा राहतो. ८५० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील टॉवरचे प्रक्षेपण ८६९ पासून सुरू होते, म्हणजे आपल्या पट्ट्यापासून अवघ्या काही मेगाहर्ट्झवर. स्वस्त मोडेमला हा शेजार सोसत नाही. अशा वेळी ८६५ च्या जवळची वाहिनी निवडावी, अँटेना टॉवरच्या झोतातून खाली किंवा टाकीच्या आडोशाला घ्यावी, आणि तरीही भागले नाही तर फक्त आपला पट्टा आत येऊ देणारा बँडपास फिल्टर बसवावा. महामार्गालगतच्या योजनांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: टोलनाक्यावरचे फास्टॅग वाचणारे रीडर याच ८६५ ते ८६७ च्या पट्ट्यात चालतात.

संदेश मोजण्याची पद्धत

आता खरी मोजणी. पंपघराकडच्या मोडेमने दर मिनिटाला अनुक्रमांक घातलेला संदेश पाठवावा. टाकीकडच्या मोडेमने तो मिळताच उत्तर द्यावे आणि त्या उत्तरात तोच अनुक्रमांक, आपल्याला आजवर मिळालेल्या संदेशांची एकूण संख्या आणि आपल्याकडे दिसलेला आरएसएसआय व एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती डेसिबल वर आहे ते) घालावा. नुसते पाठवलेले आणि परत आलेले मोजले, तर संदेश जाताना हरवला की उत्तर येताना, हे कळत नाही. पलीकडची एकूण संख्या उत्तरात असली की दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा निघतो. मोडेममध्ये आपोआप पुन्हा पाठवण्याची सोय असेल तर चाचणीपुरती ती बंद ठेवावी. ती सुरू राहिली, तर शंभरातले पाचपंचवीस संदेश पहिल्या खेपेला हरवत असले तरी आकडा स्वच्छच दिसेल.

नोंदीच्या प्रत्येक ओळीत वेळ, अनुक्रमांक, दोन्हीकडचा आरएसएसआय, दोन्हीकडचा एसएनआर, मोटर चालू की बंद आणि वीजपुरवठ्याचा व्होल्टेज एवढे असावे. लोरामध्ये एसएनआर उणे झाला की आरएसएसआयच्या आकड्यात नॉइजही मिसळलेला असतो, म्हणून खरा सिग्नल काढताना त्या आकड्यात एसएनआर मिळवावा. उलट सिग्नल जोरदार असला की एसएनआर एका मर्यादेपुढे वाढतच नाही; तिथे आरएसएसआयच पाहावा.

किती संदेश मोजले म्हणजे पुरे? शंभर संदेश पाठवले आणि एकही हरवला नाही, एवढ्यावरून हरवण्याचे प्रमाण शून्य आहे असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने ते तीन टक्क्यांपर्यंत असू शकते, अशी पंचाण्णव टक्के खात्रीने वरची मर्यादा तेवढी मिळते. तीन भागिले संदेशांची संख्या हा नियम लक्षात ठेवावा. दर मिनिटाला एक याप्रमाणे आठवडाभरात १०,०८० संदेश होतात, आणि त्यांत एकही हरवला नाही तर ही मर्यादा ०.०३ टक्क्यांवर येते. त्यापेक्षा कमी मुदतीची चाचणी स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. काही हरवले असतील तर ते कसे हरवले हे बघावे. हजारात वीस विखुरलेले असतील, तर दोन खेपा पुन्हा पाठवल्याने प्रश्न मिटतो. तेच वीस सलग हरवले असतील, तर कितीही वेळा पाठवले तरी ती वीस मिनिटे टाकी मुकीच राहते.

दोन दिशांतील फरक काय सांगतो

हवेतील वाट, अँटेना आणि केबल दोन्ही दिशांना सारख्याच असतात. त्यामुळे दोन्हीकडची शक्ती समान ठेवली असेल तर टेबलावरची दुरुस्ती धरून दोन्ही आरएसएसआय दोन-तीन डेसिबलच्या फरकाने जुळले पाहिजेत. ते जुळत नसतील, तर वाटेला दोष देण्यात अर्थ नाही. एखाद्या मोडेमची शक्ती कमी ठेवलेली आहे किंवा त्याचा प्रक्षेपक अथवा ग्रहणाचा भाग कमजोर झाला आहे. आरएसएसआय दोन्हीकडे सारखे असून एकाच दिशेचे संदेश हरवत असतील, तर ते संदेश ऐकणाऱ्या टोकाला नॉइज आहे. आणि दोन्ही आरएसएसआय एकदमच खाली आले, तर केबल, कनेक्टर, अँटेना किंवा वाटेतला अडथळा तपासावा. ही एवढी उकल आधी केली, तर टेकडीवरच्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

मुद्दाम तोडून पाहणे

दुव्याकडे किती राखीव आहे, म्हणजे तुटण्यापूर्वी सिग्नल आणखी किती घटू शकतो, हे आकडेमोडीने सांगता येते, पण ते प्रत्यक्ष पडताळले पाहिजे. समजा पंपघराहून येणारा सिग्नल टाकीकडे उणे ८८ मिळतो. स्प्रेडिंग फॅक्टर ९ ला मोडेमची ग्रहणक्षमता उणे १२९ म्हणून छापलेली असते, त्यावरून ४१ डेसिबल राखीव दिसते. पण टॉवरमुळे तिथला नॉइज उणे १०५ असेल आणि फॅक्टर ९ ला नॉइजच्या १२.५ डेसिबल खालपर्यंतच सिग्नल उलगडता येत असेल, तर खरी किमान पातळी उणे ११७.५ होते आणि राखीव २९.५ वर येते.

पडताळणीसाठी पाठवणाऱ्या मोडेमची शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करावी. २० वरून २ डीबीएमवर आणली की दुवा १८ डेसिबलने कमकुवत होतो. आणखी हवे असेल तर पाठवणाऱ्या टोकालाच १० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावावा. तो ऐकणाऱ्या टोकाला कधीही लावू नये, कारण तिथे तो सिग्नलबरोबर बाहेरून येणारा नॉइजही दाबतो आणि राखीव आहे त्याहून जास्त भासते. प्रत्येक टप्प्यावर काही शे संदेश मोजावेत आणि ज्या टप्प्याला दहा टक्के हरवू लागतील तिथे थांबावे. मोडेमची शक्ती पूर्ववत करण्यास विसरू नये. मग हीच चाचणी उलट दिशेने घ्यावी. जी दिशा आधी तुटते तिचे राखीव तेच संपूर्ण दुव्याचे राखीव. सिग्नल अनेक वाटांनी परावर्तित होऊन पोचत असेल अशी सर्वांत वाईट स्थिती धरली, तर १० डेसिबल राखीवाने सुमारे नव्वद, २० ने नव्व्याण्णव आणि ३० ने ९९.९ टक्के वेळ दुवा टिकतो. पाणीपुरवठ्याला वीसच्या खाली जाऊ नये.

मोटर, रात्र आणि पावसाळा

आठवड्याच्या नोंदीतून मोटर चालू असतानाचे आणि बंद असतानाचे संदेश वेगळे काढावेत. स्टार्टर ओढताना व्होल्टेज पडून मोडेम पुन्हा सुरू होणे, किंवा व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) त्रास अॅडॉप्टरमधून आणि मोडेमला नियंत्रकाशी जोडणाऱ्या आरएस-४८५ च्या तारेतून आत येणे, या गोष्टी फक्त त्याच वेळी दिसतात. वीज रात्रपाळीत मिळत असेल तर दिवसाच्या चाचणीला काहीच सापडणार नाही.

पाऊस स्वतः या वारंवारतेच्या सिग्नलला जवळजवळ अडवत नाही. पावसाळ्यात दुवा ढासळतो तो ओल्या पानांमुळे, आणि त्याहून अधिक कनेक्टरमधून केबलमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे. कनेक्टरवर स्वतःत मिसळून एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, त्यावर उन्हापासून राखणारी टेप घ्यावी, आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

मृगाच्या आधी घेतलेली नोंद जपून ठेवावी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुढे ऊस उंच झाल्यावर तीच मोजणी त्याच शक्तीवर, त्याच वाहिनीवर करावी. आरएसएसआय पावसानंतर एकाएकी पडला आणि ऊन पडल्यावर चार-पाच दिवसांतही सावरला नाही, तर केबलचे दोन्ही कनेक्टर सोडून आत हिरवा गंज किंवा ओल आहे का पाहावे, आणि तशी ती आढळली तर केबल वाळवून पुन्हा न वापरता बदलून टाकावी. तो महिनोन्‌महिने थोडाथोडा उतरत गेला असेल, तर अँटेना एक पाइप वर चढवून मोजणी पुन्हा सुरू करावी.